तांदळाएवढा टवका

माझ्याकडे रोगणाची सात फाउंटन पेनं आहेत आणि त्यांतल्या एकानेही मी आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुणी विचारून माझा विरस करणार नाही. बाजाराची यादी मी गॅस कंपनीने फुकट दिलेल्या बॉलपेनने करतो. सह्यांचा प्रश्न आमच्याकडे येतच नाही, तिथे शिक्का चालतो. थोडक्यात, जपानात फाउंटन पेनाचं कुणाचं काही अडलेलं नाही, आणि म्हणूनच इथे ती इतकी सुंदर बनवतात असं माझं मत आहे. माझी बायको हारुए हिचं मत वेगळं आहे. ते तिने लग्नाच्या बत्तिसाव्या वर्षी एकदाच सांगितलं आणि तेव्हापासून मी पेनं ती बाजारात गेली की काढतो.

रविवारी सकाळी हात धुवायचे, कोरडे करायचे आणि तरी दहा मिनिटं नुसतं बसायचं, कारण हाताला ओल राहते. मग एकेक पेन लाकडी डबीतून काढायचं, मऊ सुती फडक्याने पुसायचं, खिडकीशी धरून बघायचं आणि परत ठेवायचं. झालं. याला छंद म्हणावं का, असं हारुए विचारते. उरुशीच्या झाडाचा चीक काढून, त्याचे तीस-तीस हात चढवून, प्रत्येक हात वाळला की घासून, असं वर्षभर खपून ते रोगण पेनावर बसतं. ते हातात धरलं की गार लागत नाही. नव्या पेनाला वर्षभर जरासा आंबूस वास येतो, मग तो जातो. पाच-सहा वर्षांनी वरचा काळा रंग निवळत जातो आणि आतला लाल कडेकडेने वर यायला लागतो. म्हणजे पेन म्हातारं होतं तसं देखणं होतं. माझ्या बाबतीत तसं घडलेलं नाही. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात सदतीस वर्षं काढून मी निवृत्त झालो तेव्हा मला एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक गुडघेदुखी मिळाली, आणि दोन्ही अजून चालू आहेत.

सातांपैकी दोन पेनं होशीसानांच्या हातची. होशी तोकुजी, वय ब्याऐंशी. आमच्या आइझूत रोगणाचं काम करणारे पुष्कळ आहेत, पण बाकीचे पेनावर सोन्याची फुलं काढतात, पक्षी काढतात. होशीसान काही काढत नाहीत. "नक्षी म्हणजे चूक झाकायची सोय," असं ते म्हणत. एक लाल पेन मी चौदा वर्षांपूर्वी घेतलं, ती माझ्या संग्रहाची सुरुवात. दुसरं, वरून काळं आणि आतून लाल, ते मिळायला चार वर्षं थांबलो आणि सहा वर्षांपूर्वी ते हातात आलं. त्यानंतर लवकरच त्यांच्या डोळ्यांपुढे मधोमध काळा ठिपका यायला लागला आणि त्यांनी नवीन काम घेणं सोडलं.

आता मुख्य गोष्ट. जानेवारीत, दारापुढे कमरेएवढं बर्फ साचलेलं असताना, ओनुमासान आले. ओनुमासान आमच्या आळीच्या मंडळाचे अध्यक्ष. बर्फ कोणी कधी उपसायचं त्याचा तक्ता घेऊन ते दारोदार फिरतात, पण तक्ता हे निमित्त. त्यांना सल्ले द्यायचे असतात. त्या दिवशी तक्त्यावर माझं नाव लिहायला त्यांनी खिशातून पेन काढलं तर थंडीने त्यातून काही उमटेना.

"शिदासान, तुमच्याकडे म्हणे पेनंच पेनं आहेत. द्या की एखादं."

मी गॅस कंपनीचं बॉलपेन आणायला हवं होतं. पण माणसाला कधीकधी दुर्बुद्धी सुचते. मी आत जाऊन होशीसानांचं काळं पेन घेऊन आलो. लिहायला नव्हे, दाखवायला.

"हे?" ओनुमासान म्हणाले. "हे तर नुसतं काळं आहे."

"उजेडात धरून बघा, कडेला लाल दिसेल," असं म्हणत मी हात पुढे केला. बोटं गारठलेली होती. पेन निसटलं, दाराच्या दगडी पायरीवर आपटलं, एकदा उडालं आणि माझ्या गमबुटात जाऊन पडलं.

टोपणाच्या कडेचा टवका उडाला होता. तांदळाच्या दाण्याएवढा. मी तो बघत उभा राहिलो आणि ओनुमासान माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिले.

"टोपणच आहे हो," ते म्हणाले. "पेन शाबूत आहे. आमच्या हिच्या दाताचं असंच झालं होतं. डॉक्टरने भरून दिला, आता ती काहीही फोडून खाते. तुम्हीपण भरून टाका."

त्यांच्या बायकोच्या दाताशी होशीसानांच्या पेनाची बरोबरी झालेली मला आवडली नाही. पण भरून टाका हे दोन शब्द डोक्यात राहिले, आणि पुढचं सगळं त्या दोन शब्दांनी केलं.

दुसऱ्याच दिवशी होशीसानांच्या सुनेचा, कायोसानचा फोन आला.

"शिदासान, बाबा मार्चअखेर काम कायमचं बंद करताहेत. त्याआधी सांस्कृतिक भवनात चार दिवस त्यांची पेनं मांडायची आहेत, ज्यांच्याकडे असतील त्यांच्याकडून मागून. तुमचं काळं पाहिजेच म्हणतात. म्हणाले, माझ्या डोळ्यांनी धड पाहिलेलं ते शेवटचं पेन, तेच मधोमध ठेवायचं."

मी म्हणालो, "आनंदाने." खरं सांगायचं ठरवून मी पुढचं वाक्य जुळवत होतो, तोवर तिने तीनदा आभार मानून फोन ठेवला. पुन्हा फोन करता आला असता. केला नाही. म्हाताऱ्या माणसाला, ज्याच्याकडून चार वर्षं मागे लागून वस्तू घेतली, त्याला ती आपण दारातल्या पायरीवर पाडली हे कसं सांगायचं? दुसऱ्या कारागिराकडे न्यावं तर गाव लहान. सकाळी त्याने टवका पाहिला तर दुपारच्या चहाला तो होशीसानांना कळणार.

प्रदर्शनाला वस्तू द्यायची तर अर्ज भरावा लागतो. सांस्कृतिक भवनाच्या खिडकीवर कुबोकी नावाच्या बाई होत्या. मी अर्ज घेतला आणि या कामासाठी तरी साजेसं म्हणून कोटाच्या खिशातून एक साधं फाउंटन पेन काढलं.

"शाईचं पेन चालत नाही," कुबोकीबाई म्हणाल्या. "अक्षर पसरतं. बॉलपेनने लिहा."

"प्रदर्शन फाउंटन पेनांचं आहे."

"हो ना. म्हणूनच बॉलपेन दोरीला बांधून ठेवलंय."

सातव्या रकान्यात होतं: ओरखडे, भेगा, टवके, आहेत की नाहीत, असल्यास जागा आणि लांबी मिलिमीटरमध्ये. असले रकाने मी स्वतः आयुष्यभर काढले आहेत. नळाच्या अर्जात मी एकदा अकरा रकाने वाढवले होते आणि त्याबद्दल माझं कौतुक झालं होतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "समजा, आहेत असं लिहिलं तर?"

"तर वस्तू आधी कारागिराला दाखवून त्यांचा शिक्का आणायचा."

मी 'नाहीत'भोवती गोल केला आणि खाली माझा शिक्का मारला. हे खोटं नव्हतं, आगाऊ होतं. प्रदर्शनाला पाच आठवडे होते आणि तेवढ्यात मी ते खरं करून दाखवणार होतो.

बाजारात फुटक्या कपबश्या सांधायचा संच मिळतो. त्यात काळ्या रोगणाची नळी, भरायची माती, एक ब्रश आणि हातमोजे असतात. दुकानदार म्हणाला, "मोजे विसरू नका, अंगावर उतेल, फोड येतील." मी म्हणालो, "मी इथलाच आहे." आइझूत जन्मलेल्या माणसाच्या अंगावर रोगण उतत नाही अशी आमच्याकडे समजूत आहे. ही समजूत ज्याने पसरवली तो बहुधा रोगणाला कधी हात न लावलेला तांदळाचा व्यापारी असावा.

भरणं सोपं होतं, वाळवणं अवघड. हे रोगण उन्हात किंवा शेगडीपुढे वाळत नाही. त्याला ऊब लागते आणि ओल लागते, ओल नसेल तर महिनोन्‌महिने चिकट राहतं. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कारागीर त्यासाठी ओलं लाकडी कपाट ठेवतात. आमच्याकडे कपाट एकच, भिंतीतलं, ज्यात दिवसा गाद्या ठेवतात. मी खालच्या खणातल्या गाद्या वरच्या खणात कोंबल्या, खाली ओले टॉवेल अंथरले, गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि निरोपसमारंभानंतर खात्याकडून चुकून माझ्याकडेच राहिलेलं ओल मोजायचं यंत्र आत टांगलं. सदतीस वर्षं लोकांच्या भिंतींत ओल शिरू नये म्हणून मी झटलो. आता स्वतःच्या घरात ती ऐंशी टक्क्यांवर जावी म्हणून दर दोन तासांनी टॉवेल भिजवत होतो.

पहिला हात जाड बसला आणि त्यावर दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या आल्या. तो खरवडला. दुसरा हात बरा वाळला, पण त्यात माझ्या स्वेटरची लोकर सापडली. या काळात कपाटाचं सरकतं दार फुगलं आणि अर्धवट उघडून तिथेच अडकलं. गाद्यांना तळघराचा वास यायला लागला. हारुए त्या वासात आठवडाभर झोपली आणि मग एका सकाळी कपाटापुढे उभी राहून तिने विचारलं, "अहो, आत काय पिकवताय?"

मी सगळं सांगितलं.

"आणि हे होशीसानांना सांगण्यापेक्षा सोपं वाटलं तुम्हाला," ती म्हणाली आणि ओले टॉवेल धुवायला घेऊन गेली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मला रोगण उतलं. आधी मनगटं, मग मान, मग तोंड. डोळे इतके सुजले की आरशात मी मला नीट दिसेना. चौथ्या दिवशी हारुएला उतलं, त्या टॉवेलांमुळे. तिचा जन्म इथला नाही, निइगाताचा, त्यामुळे तिला समजुतीचाही आधार नव्हता. त्याच आठवड्यात ती शाळेतल्या मैत्रिणींबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाणार होती. अकरा वर्षांनी सगळ्यांचं जमलं होतं. तिने फोन करून सर्दी झाल्याचं सांगितलं आणि तुम्ही जा, मजा करा, असं तीन वेगवेगळ्या मैत्रिणींना तीन वेळा सांगितलं. मी शेजारच्या खोलीत बसून ते ऐकलं. मला फार वाईट वाटलं आणि ते तिला सांगायचंही सुचलं नाही.

ओनुमासान आले ते एक प्लॅस्टिकचा डबा घेऊन. "उतल्यावर ओढ्यातल्या खेकड्यांसारखा उपाय नाही," ते म्हणाले. "ठेचायचे आणि रस चोळायचा. माझी आजी हेच करायची."

"बरं वाटायचं?"

"तिला कधी उतलंच नाही. ती इथलीच होती ना."

ओढे गोठलेले असल्यामुळे त्यांनी ते खेकडे एका खानावळीतून आणले होते. तिथे ते जिवंत ठेवतात आणि तळून दारूबरोबर देतात. डब्यात पंधरा होते. हारुएने ठेचायला साफ नकार दिला. मीही बराच वेळ बत्ता घेऊन बसलो, पण सुजलेल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं तर तेही माझ्याकडेच बघत होते. शेवटी आम्ही ते न्हाणीघरातल्या बादलीत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी मोजले तर चौदा भरले. पंधरावा अजून घरात कुठेतरी आहे. चामडीच्या डॉक्टरांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि अंगाला खेकड्यांचा वास का येतोय असं विचारलं.

तिसरा हात मात्र चांगला बसला. दोन आठवडे वाळवला, घासला, तेल लावून चमकवला. टोपण खिडकीशी धरलं तर काही म्हणता काही दिसेना. रंगाला रंग मिळाला होता. फक्त अंगठा फिरवला की टोपणाच्या कडेला एक बारीकसा उंचवटा लागायचा. डोळ्याला दिसत नव्हता, अंगठ्याला कळत होता. मी स्वतःला सांगितलं की प्रदर्शनात वस्तूंना हात लावायचा नसतो.

तरीही मनाला बरं वाटेना, म्हणून मी प्रदर्शनातून पेनाचं नाव मागे घ्यायला कुबोकीबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, वस्तू मागे घेण्याचा अर्ज निराळा, त्यात कारण लिहावं लागतं आणि कारागिराची संमती म्हणून शिक्का लागतो. मी विचारलं, हा नियम कुणी काढला. त्या म्हणाल्या, पाणीपुरवठ्याच्या अर्जावरून घेतलाय, तो नमुना फार चांगला आहे.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात प्रदर्शन भरलं. बर्फ थांबायचं नाव घेत नव्हतं, त्यामुळे पहिल्या दिवशी माणसं नऊ आली, त्यांत आम्ही दोघं आणि ओनुमासान. पांढऱ्या कापडावर एकवीस पेनं मांडलेली होती आणि मधोमध एक जागा रिकामी होती. होशीसान टेबलाच्या टोकाला खुर्चीवर बसले होते. पूर्वीपेक्षा लहान झाल्यासारखे वाटले. माझा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली, पण माझ्याकडे नाही, जरा बाजूला, म्हणजे ठिपका वाचवून बघतात तशी.

"आणलंत? द्या इकडे."

कायोसानने त्यांचे हात पुसले. त्यांनी पेन घेतलं आणि ते हसले. त्यांना हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं. अंगठा खालून वर निघाला, टोपणावर आला, कडेला आला आणि थांबला. मागे गेला, परत आला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"कायो, इथे काही दिसतं?"

तिने वाकून पाहिलं. "नाही बाबा. छान आहे की."

"दिसत नाही ना," ते म्हणाले. "म्हणजे मलाही तेव्हा दिसलं नसणार. अंगठ्यालाही कळलं नाही. मला वाटायचं हात आत्ता दोन वर्षांत गेला. तो तेव्हाच गेला होता."

मी एवढा घाबरलो की वाकायचंही विसरलो. "होशीसान, ते मी केलंय. पेन माझ्या हातून पडलं. टवका उडाला. मी घरी भरला. तुमचा काही दोष नाही, सगळी चूक माझी."

ते खुर्चीवरून उठले आणि माझ्यापुढे इतके वाकले की कायोसानने त्यांना धरलं. "शिदासान, सहा वर्षं तुम्ही हे जाणून होतात आणि एक शब्द काढला नाहीत. आज माझी लाज राखायला स्वतःच्या अंगावर घेताय. काय बोलू मी."

आमच्याकडे दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेणं ही साधी रीत आहे. पाहुण्याने कप फोडला तर यजमान म्हणतो, मीच कडेला ठेवला होता. बसमध्ये कुणी आपल्या पायावर पाय दिला तर आपण माफी मागतो. साठ वर्षं मी हेच करत आलो, आणि आता खरोखरच माझी चूक होती तेव्हा ते खरं वाटेल असं बोलणं माझ्याजवळ नव्हतं. मी जितका वाकायचो तितके ते जास्त वाकायचे.

"होशीसान, यांनीच केलंय," हारुए पुढे होऊन म्हणाली. "आमचं कपाट फुगून बसलंय. माझं तोंड पंधरा दिवस भोपळ्याएवढं होतं."

"अशी बायको मिळायला भाग्य लागतं, शिदासान," होशीसान म्हणाले.

"मी तिथेच होतो," ओनुमासान म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत पायरीवर पडलं."

"आख्खी आळी माझ्यासाठी धावून आली," असं म्हणून ते ओनुमासानांपुढेही वाकले.

मी शेवटचा उपाय म्हणून कुबोकीबाईंना बोलावलं, की या तरी सरळ बोलतात. त्यांनी फाइल उघडली, माझा अर्ज काढला आणि सातवा रकाना मोठ्याने वाचून दाखवला. टवके, नाहीत. खाली शिक्का, तारीख जानेवारीची. माझ्या तोंडावरची सूज तीन दिवसांपूर्वीच पूर्ण उतरली होती. महागाच्या मलमाने उतरवली होती.

होशीसान मग टेबलाजवळ गेले आणि एकेक पेन उचलून अंगठा फिरवू लागले. एकविसाच्या एकवीस. प्रत्येकावर दोन-तीनदा. "यावर आहे का? कुणी सांगणार नाहीच म्हणा," असं प्रत्येक वेळी म्हणत होते. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. कायोसान एकटी बसून होती. चौथ्या दिवशी पेन परत घ्यायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "ब्रश जाळून टाक म्हणालेत. जेवताना घास तसाच राहतो आणि वाटीच्या कडेवरून अंगठा फिरवत बसतात. घरातल्या सगळ्या वाट्या त्यांनीच केलेल्या आहेत हो." मी तिला सगळं पुन्हा सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "तुम्ही फार चांगले आहात, शिदासान." असं मला यापूर्वी कुणी म्हणालं नव्हतं आणि आता ते ऐकवत नव्हतं.

घरी येऊन मी दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी लाल पेनाची डबी काढली. चौदा वर्षांचं पेन, माझ्या संग्रहातलं पहिलं. इतकं निवळलं होतं की त्यात खिडकीची चौकट दिसायची, बाहेरचं बर्फ दिसायचं. संचातली काळ्या रोगणाची नळी अर्धी उरली होती. मी पेन जमिनीवरच्या वर्तमानपत्रावर ठेवलं, ब्रश बुडवला आणि तसाच बसलो. हात काही खाली जाईना.

हारुए आत आली. तिने रबरी मोजे घातले होते आणि मला एक जोडी आणली होती. ती माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसली.

"मी नाही घालत," मी म्हणालो. "मागच्या वेळी घातले नव्हते. हात तसाच चालला पाहिजे."

"मग पुन्हा उतेल."

"उतू दे."

तिने दिवा जवळ ओढला. "जाड लावा," ती म्हणाली. "अंगठ्याला लागलं पाहिजे."

मी टोपणाच्या कडेला, जिथे काही झालेलं नव्हतं तिथे, काळ्या रोगणाचा ठिपका लावला. मुद्दाम वाईट काम करायचं आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं होतं, आणि त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. पुन्हा टॉवेल, पुन्हा गरम पाण्याची पिशवी, पुन्हा घासणं. दार आधीच अडकलेलं होतं, तेवढा त्रास वाचला. मला पुन्हा उतलं, या वेळी कानांमागेही. हारुएला उतलं नाही, तिने आपले मोजे धुऊन वाळत घातले.

मार्चच्या मध्यावर मी दोन्ही पेनं घेऊन होशीसानांकडे गेलो. कामाची खोली आवरून झाली होती. ब्रश कायोसानने जाळले नव्हते, एका डब्यात लपवून ठेवले होते, असं तिने मला दारातच हळूच सांगितलं. होशीसान आत रिकाम्या चटईवर बसले होते. मी माफी मागितली नाही. वाकलो नाही. ज्या आवाजात मी खात्यात पाणी बंद राहणार असल्याची सूचना वाचायचो त्या आवाजात म्हणालो, "होशीसान, हे लाल पेन तुमचं. चौदा वर्षांपूर्वीचं. हे पडलेलं नाही, याला काही झालेलं नव्हतं. गेल्या आठवड्यात मी याच्या टोपणाला रोगण लावलं. हात लावून बघा."

त्यांनी लाल पेन घेतलं. अंगठा कडेला गेला आणि थांबला. त्यांनी दुसरा हात पुढे केला, त्यात मी काळं दिलं. एका हातात एक, दुसऱ्या हातात एक, असे दोन्ही अंगठे बराच वेळ मागेपुढे फिरत राहिले. बाहेर छपरावरून बर्फ घसरल्याचा आवाज आला. माझे पाय बधीर झाले होते.

"ब्रश डावीकडून उचलता," ते म्हणाले.

"हो."

"अर्ध्यात थांबता. घाबरता आणि मग परत टेकवता."

"हो."

"दोन्हीकडे तोच हात." त्यांनी नाक ओढलं. "कुणी शिकवलं?"

"कुणी नाही."

"ते कळतंय. इतकं घाण काम या घरात शिकाऊ पोरानेसुद्धा केलेलं नाही. माझ्या उस्तादाने हात तोडला असता. तुम्ही पाण्याचे अधिकारी होतात ना? नळ असेच बसवलेत का गावात?"

"मी फक्त अर्ज बघायचो," मी म्हणालो.

त्यावर ते पाऊण तास बोलले. निवृत्त अधिकाऱ्याला, ज्याच्या तोंडावर आता फोड आलेले आहेत, आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं ते सगळं ऐकवलं. माझ्या हाताबद्दल, माझ्या अकलेबद्दल, संच विकणाऱ्या दुकानाबद्दल, चौदा वर्षं न वापरता डबीत कोंडून ठेवलेल्या पेनाबद्दल. मी दुरुस्तीचं विचारायच्या आत म्हणाले की नाही, आता मी काम करत नाही, दोन्ही तशीच राहतील, बघा आणि लाज वाटू द्या. मार्चअखेर ते बंद करणार होते ते त्यांनी बंद केलंच. त्यात बदल झाला नाही.

मग ते थांबले. काळं पेन त्यांनी अजून सोडलेलं नव्हतं. अंगठा टोपणावरून खाली उतरला, जिथे माझं काही नव्हतं, सगळं त्यांचंच होतं, आणि तिथे सावकाश वरखाली फिरत राहिला.

"कायो," त्यांनी हाक मारली. ती स्वयंपाकघरातून ओले हात पुसत आली. "त्या साली माझा हात ठीक होता."

"हो, बाबा," ती म्हणाली, आणि कोरडे झालेले हात पुन्हा पुसू लागली.